औषधाच्या डब्यावरचा शब्द : डेंजर, हॅझार्ड, रिस्क आणि पेरिल

ऑक्टोबरची छाटणी उरकली की निफाड, दिंडोरी आणि नाशिक तालुक्यांतल्या द्राक्षबागांमध्ये ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा, आवाज सुरू होतो आणि डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग व थ्रिप्स ही कीड यांच्यावरची औषधे पुढचे काही महिने हाताखाली राहतात. त्या प्रत्येक औषधाच्या डब्यावर किंवा पुडीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचे वर-खाली दोन त्रिकोण केलेले असतात. खालचा त्रिकोण रंगीत असतो आणि वरच्यात धोक्याची सूचना देणारा इंग्रजी शब्द असतो. बहुतेक जण रंग पाहतात. शब्द मात्र ‘सांभाळून’ एवढ्याच अर्थाने वाचून सोडून दिला जातो, आणि हे मला काळजीचे वाटते, कारण विज्ञानाने या शब्दांना नेमकी मोजमापे बांधून दिली आहेत.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार आपल्याकडे विषारीपणाच्या चार पायऱ्या आहेत. लाल त्रिकोणावर कवटीचे चिन्ह आणि ‘पॉयझन’ हा शब्द असतो. पिवळ्यावर कवटी नसते, पण शब्द तोच असतो. निळ्यावर ‘डेंजर’ आणि हिरव्यावर ‘कॉशन’ असे छापतात. पायरी ठरते ती एलडी-५० या मापावरून, म्हणजे प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांचा मृत्यू ज्या मात्रेने होतो त्या मात्रेवरून. हे माप ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेवन यांनी १९२७ मध्ये मांडले. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. औषध पोटात गेल्यास शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा घातक ठरत असेल तर लाल, ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा, अशी ही विभागणी आहे.

म्हणजे भारतीय डब्यावर ‘डेंजर’ हा शब्द तिसऱ्या पायरीवर येतो. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात मात्र दोनच सूचक शब्द आहेत आणि त्यांतला ‘डेंजर’ वरच्या दर्जाचा, तर ‘वॉर्निंग’ खालच्या दर्जाचा मानला जातो. ज्या रसायनाचा एलडी-५० आकडा ६०० आहे, त्यावर आपल्या नियमांप्रमाणे ‘डेंजर’ छापले जाईल आणि जागतिक पद्धतीत त्याच रसायनावर ‘वॉर्निंग’ येईल. उलट १०० आकड्याचे रसायन तिकडे ‘डेंजर’ आणि इकडे ‘पॉयझन’ ठरेल. कारखान्यांतल्या यंत्रांवरच्या अमेरिकी पद्धतीच्या फलकांचा हिशेब आणखी निराळा आहे. काळजी घेतली नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे ‘डेंजर’, होऊ शकत असेल तिथे ‘वॉर्निंग’ आणि इजा किरकोळ वा मध्यम स्वरूपाची असण्याची शक्यता असेल तिथे ‘कॉशन’ लिहितात.

या साऱ्या पाट्या सांगतात ती हॅझार्डची गोष्ट. हॅझार्ड म्हणजे एखाद्या पदार्थाच्या अंगी असलेली अपाय करण्याची क्षमता. रिस्क म्हणजे तो अपाय प्रत्यक्षात घडण्याची शक्यता आणि घडलाच तर त्याची तीव्रता, या दोहोंचा एकत्रित अंदाज. लाल त्रिकोणाचा सीलबंद डबा कुलपात ठेवलेला असेल, तर हॅझार्ड पुरेपूर असूनही रिस्क अल्प असते. हातमोजे न घालता हिरव्या त्रिकोणाची पावडर पाण्यात हाताने कालवणाऱ्या आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणाऱ्या माणसाची रिस्क मात्र रंग सौम्य असूनही वाढत जाते. औषध मोजून टाकीत ओतण्याची वेळ विशेष जपण्याची असते, कारण तेव्हा ते पाण्यात मिसळलेले नसते आणि त्वचेवाटे शरीरात शिरायला त्याला थोडा शिंतोडाही पुरतो.

रंगाला आणखी एक मर्यादा आहे. एलडी-५० हे एकाच वेळी पोटात गेलेल्या मात्रेचे माप आहे आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काचे परिणाम त्यात उमटत नाहीत. द्राक्षावर वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा हा आकडा ५००० च्या वर आहे, म्हणजे तातडीच्या विषबाधेच्या दृष्टीने ते सौम्य आहे. तरीही युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. पोटातल्या गर्भाला आणि संप्रेरकांच्या कार्याला त्यापासून अपाय संभवतो, हे त्यामागचे मोठे कारण होते. युरोपचा कायदा अशा काही गुणधर्मांच्या बाबतीत मुख्यतः हॅझार्ड पाहूनच दार बंद करतो, तर इतर अनेक देश माणसाच्या शरीरात प्रत्यक्षात किती औषध जाईल याचा हिशेब मांडून, म्हणजे रिस्कवरून, निर्णय घेतात. आपली द्राक्षे युरोपात जातात, त्यामुळे हा शब्दांमधला फरक नाशिकच्या बागाईतदाराच्या फवारणीच्या वेळापत्रकापर्यंत येऊन पोहोचतो.

या शब्दांची मुळे मात्र प्रयोगशाळेत नाहीत. हॅझार्ड हे मध्ययुगीन युरोपातल्या फाशांच्या एका खेळाचे नाव होते. धोक्यासाठीचाच जेपर्डी हा इंग्रजी शब्द ‘वाटलेला डाव’, म्हणजे कोण जिंकेल हे सांगता येऊ नये असा बरोबरीचा डाव, या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांतून आला. डेंजरचे मूळ मालकाच्या सत्तेत आहे. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणे म्हणजे त्याच्या मुठीत असणे. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या डावातली रक्कम कशी वाटावी यावर पत्रव्यवहार केला. त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले आणि पुढे तेच विम्याच्या कामी आले.

विम्याच्या भाषेत मात्र हे शब्द पुन्हा जागा बदलतात. नुकसानीचे थेट कारण, म्हणजे आग, चोरी किंवा गारपीट, हे पेरिल. आणि ते नुकसान होण्याची शक्यता किंवा प्रमाण वाढवणारी परिस्थिती, म्हणजे हॅझार्ड. आपत्तिशास्त्रात तीच गारपीट किंवा तोच अवकाळी पाऊस हॅझार्ड म्हणून ओळखला जातो. तिथे त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी धरतात. त्याच्या तडाख्यात काय काय सापडते, हे एक्स्पोजर. आणि सापडलेली वस्तू किती लवकर मोडते, ही व्हल्नरेबिलिटी. या तिन्हींवरून रिस्क ठरते. फेब्रुवारीत, घडांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर, आलेल्या पावसाने ते तडकतात. तोच पाऊस छाटणीआधी आला तर तडकायला मणीच नसतात, आणि माल काढून झाल्यावर आला तर तोडलेला घड त्याच्या कक्षेबाहेर गेलेला असतो. बागेवर प्लास्टिकचे आच्छादन घातले तरी पाऊस तेवढाच पडतो आणि बागही तिथेच असते. घटते ती मण्यांची व्हल्नरेबिलिटी आणि तिच्याबरोबर रिस्क.