औषध गव्हाला, फटका द्राक्षाला

निफाड-दिंडोरीकडे बांधाच्या अलीकडे गहू आणि पलीकडे द्राक्षबाग, हे डिसेंबरातलं नेहमीचं चित्र. गव्हात चाकवत माजतो. ताकातली पातळ भाजी करतात तोच हा. पण गव्हात उगवला की तण. पेरणीनंतर महिनाभराने त्यावर २,४-डी हे तणनाशक मारतात. चाकवत पिळवटून मरतो, गव्हाला काही होत नाही. मग काही दिवसांनी शेजारच्या बागेतली कोवळी पानं बिघडायला लागतात. अरुंद, कडेला करवतीसारखी, शिरा एकमेकींजवळ आलेल्या, मिटलेल्या पंख्यासारखी. बागाईतदाराला वाटतं, व्हायरस आला.

हा व्हायरस नव्हे, संजीवकाचा प्रताप. वनस्पतीची वाढ ऑक्सिन नावाच्या संजीवकावर चालते आणि काम झालं की वनस्पती ते मोडून टाकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालेलं २,४-डी हे ऑक्सिनचं सोंग आहे. पेशींना ते खरं वाटतं, पण रुंद पानांच्या झाडांना ते सहजी मोडता येत नाही. वाढीचा हुकूम थांबतच नाही. खोड पिळतं, अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्या बिघडतात, झाड वाढता वाढता मरतं. गहू, मका, ऊस ही गवताच्या कुळातली पिकं या रेणूचा बऱ्यापैकी लवकर निकाल लावतात, म्हणून वाचतात.

द्राक्षवेल रुंद पानांची, त्यात या औषधाला कमालीची हळवी. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट आणि फुलोरा ज्या दिवसांत असतो, साधारण तेव्हाच गव्हातली फवारणी येते. संजीवकाची किमया खरं तर बागाईतदाराला नवी नाही. घड मोकळा व्हावा म्हणून तो स्वतःच जीए (जिबरेलिक ॲसिड, हेही एक संजीवकच) देतो, तेही १० पीपीएमच्या हिशेबात, म्हणजे लिटरभर पाण्यात १० मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेने घड लांबतो, हे ज्याने पाहिलंय त्याला २,४-डीचा उडालेला तुषार काय करेल हे वेगळं सांगायला नको.

एस्टर प्रकारातलं २,४-डी फवारल्यानंतरही वाफ होऊन वाहतं. सोडियम किंवा अमाइन क्षाराचं तसं फारसं होत नाही, पण बारीक थेंब त्याचेही उडतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, नुसता पाण्याने विसळून तोच बागेत नेऊ नये. बांधालगतच्या गव्हात तर मी खुरपंच सुचवेन, मजुरी कितीही महाग असली तरी.

सगळ्यात फसवी असते ती पहाट. वारा पडलेला असतो म्हणून अनेक जण तेव्हाच फवारतात. पण निफाडच्या थंडीत रात्रभर जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण. बारीक थेंब वर विरत नाहीत, खाली बसत नाहीत. त्या थरात तरंगत हळूहळू शेजारच्या रानात सरकतात. शेकोटीचा धूर सरळ वर न जाता पिकावर आडवा पसरत असेल, तर ऊन चांगलं वर येईपर्यंत पंप पाठीवर घेऊ नये.