बाळाची अंगणवाडीत नोंद: पात्र कोण, कागद कोणते?

अंगणवाडीच्या आहारासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचाही लागत नाही, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं हेही बघत नाहीत. सहा महिने ते सहा वर्षं वयाचं कुठलंही मूल पात्र आहे. गरोदर आणि स्तनदा मातासुद्धा. नोंद सेविकाच मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये करते.

जाताना आईचं आधार, चालू मोबाईल नंबर आणि बाळाचा जन्मदाखला किंवा लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. बाळाचं आधार अजून काढलेलं नसलं, तर आईच्या आधारवर काम होतं. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार (टीएचआर) मिळतो, पुढे अंगणवाडीतच गरम जेवण.

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडून द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीत उतरणाऱ्या घरांनी एक गोष्ट जरूर करावी. निघण्याआधी सेविकेला सांगावं आणि मळ्यावर पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत तेच आधार दाखवून नोंद हलवून घ्यावी. गाव सुटलं म्हणून लेकराचा आहार सुटत नाही, तो त्याचा हक्क आहे.

वजनाच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. नुसतं वजन पुरत नाही, उंचीही मोजायला सांगा. दंडाला पट्टी लावतात तेव्हा स्वतः बघा: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सोडल्यावर खड्डा तसाच राहिला, तर वजन ठीक दिसत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ती सूज असते, बाळसं नव्हे.

अशा मुलाची आरोग्य केंद्रात तपासणी आणि भूक चाचणी होते. नीट खात असेल आणि दुसरा आजार नसेल, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होतात. त्याला रोज ५०० ऐवजी ८०० उष्मांकांचा आहार ठरलेला आहे. खात नसेल किंवा आजारी असेल, तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस, आईसोबत, मोफत. तिथे संदर्भचिठ्ठी, लसीकरण कार्ड आणि आईचं बँक पासबुक न्या. पासबुक बुडीत मजुरीसाठी लागतं, ती भरतीच्या वेळीच विचारा.

नोंद नाकारली, तर आधी पर्यवेक्षिकेला भेटा. तिथेही झालं नाही, तर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामीण भागासाठी त्याच्या वर नाशिक जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग आहे.