बंदी १९८९ची, पहिला सापडला २०१०ला

मुंबईत शरीरसौष्ठवाच्या 'श्री' स्पर्धांचा मोसम जवळ आला की लालबाग-परळच्या जिममध्ये 'जीएच (ग्रोथ हॉर्मोन) चालू आहे' अशी कुजबुज ऐकू येते. पाठोपाठ दिलासाही असतो, 'ते टेस्टमध्ये येत नाही.' एकेकाळी हे अगदी खरं होतं.

ग्रोथ हॉर्मोन मुळात शरीराचंच. १९८५पर्यंत औषधासाठी ते मृतदेहांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढत. त्यातून काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, ते थांबलं आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हॉर्मोन अमेरिकेत मंजूर झालं. टंचाई संपली, खेळाडूंचंही फावलं. १९८९मध्ये ऑलिंपिक समितीने बंदी घातली खरी, पण चाचणीच नव्हती. १९९८मध्ये चीनची जलतरणपटू युआन युआन १३ कुप्यांसह सापडली, तीही सिडनी विमानतळावरच्या झडतीत. म्हणजे प्रयोगशाळेचं काम कस्टम्सवाल्यांनी केलं!

अडचण अशी की बाहेरून टोचलेलं हॉर्मोन आणि शरीरातलं, दोन्ही दिसायला सारखीच. तोड जर्मनीतल्या संशोधकांनी काढली. शरीर या हॉर्मोनचे लहानमोठे अनेक प्रकार बनवतं. इंजेक्शनमध्ये फक्त २२ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप) एकच असतो. तो टोचला की शरीर स्वतःचं उत्पादन आखडतं आणि रक्तातलं या प्रकारांचं आपसातलं प्रमाण बिघडतं. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही चाचणी आली. मात्र खूण जेमतेम दीड-दोन दिवस टिकते आणि त्यासाठी रक्तच लागतं, लघवी चालत नाही. त्यामुळे पहिला दोषी मिळायला २०१० उजाडलं: ब्रिटिश रग्बीपटू टेरी न्यूटन, तोही स्पर्धेबाहेर अचानक घेतलेल्या नमुन्यात.

पुढे २०१३मध्ये याच चाचणीत अडकलेला एस्टोनियाचा स्कीपटू आंद्रुस व्हेर्पालू क्रीडा लवादात सुटला. त्याने हॉर्मोन घेतलंच नाही, असं लवाद म्हणाला नाही. दोषी ठरवण्याची मर्यादारेषा नीट सिद्ध झाली नव्हती, एवढंच. तोवर दुसरी चाचणीही आली होती. हॉर्मोनमुळे रक्तात वाढणारी दोन प्रथिनं मोजणारी ही चाचणी जास्त दिवस मागचं पकडते. २०१२च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये तिने दोन रशियन पॉवरलिफ्टर पकडले.

आपल्याकडे वानखेडेवरच्या बीसीसीआयने 'नाडा'ला, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेला, बरीच वर्षं दाराबाहेर ठेवलं. ऑगस्ट २०१९मध्ये मंडळ राजी झालं आणि त्याच महिन्यात 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने दिल्लीतल्या राष्ट्रीय डोपिंग प्रयोगशाळेची मान्यता निलंबित केली. ती परत मिळाली डिसेंबर २०२१मध्ये. मधल्या काळात नमुने परदेशी जात होते.