सीताबर्डीची लढाई आणि नागपूर दरबार (१८१६–१८१८)

नागपूरकर भोसले व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूर शहरालगतच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर झालेली लढाई. लढाई जेमतेम अठरा तास चालली. तिच्याकडे नेणारी वाट मात्र भोसल्यांच्या वाड्यात आणि रेसिडेन्सीत, म्हणजे दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) ठाण्यात, दीड वर्ष आखली जात होती. प्रत्येक गटाने आपले आसन सांभाळण्यासाठी एकेक पाऊल टाकले आणि दर पावलाला मागे फिरणे अवघड होत गेले.

१८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड गमावूनही दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तैनाती फौज, म्हणजे राज्याच्या खर्चाने राज्यात राहणारी कंपनीची फौज, अखेरपर्यंत नाकारली. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले. पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुबळे होते, म्हणून राज्य कोणी चालवायचे यावरून वाड्यात दोन तट पडले. एकीकडे रघूजींचे पुतणे आप्पासाहेब. दुसरीकडे रघूजींच्या पत्नी बाकाबाई आणि खजिन्यावर ताबा असलेले धर्माजी भोसले. आप्पासाहेबांना घरातल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आधार हवा होता, रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला तह हवा होता. मे १८१६ च्या अखेरीस तह गुपचूप झाला. कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक रेजिमेंट, त्यासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये. शिवाय भोसल्यांनी स्वखर्चाने ३,००० स्वार व २,००० पायदळ कंपनीच्या दिमतीला ठेवायचे. रघूजींनी तेरा वर्षे टाळलेली गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत झाली, आणि तीही कारभार एका हाती यावा एवढ्यासाठी.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला (आजचे चंद्रपूर) होते; गादी त्यांच्याकडे आली. आता कंपनीच्या आधाराची गरज उरली नाही, खर्च मात्र उरला. त्यांनी दिमतीच्या फौजेचा भार हलका करण्याची मागणी केली, रेसिडेंटने कलमावर बोट ठेवले. त्याच सुमारास पुण्याशी गुप्त पत्रव्यवहार वाढला. जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीराव पेशव्यांकडून मराठा संघाचे प्रमुखपद सोडवून घेतले होते, आणि ५ नोव्हेंबरला खडकीला पेशवे व कंपनी यांच्यात लढाई जुंपली. अशा वेळी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या भोसल्यांच्या सेनापतिपदाची खिलत (मानाची वस्त्रे) आणि जरीपटका हे निशाण आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला जाहीर समारंभात स्वीकारला. घराण्याच्या दृष्टीने हा जुना मान होता. जेंकिन्सच्या दृष्टीने ती शत्रूची सनद होती. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले. खिलत काही आठवडे पेटीत ठेवता आली असती, हे म्हणणे भाग आहे.

पुढचे दोन दिवस लष्करी हालचालींनी निर्णय दरबाराच्या हातातून काढून घेतला. रेसिडेंटने तेलंगखेडीची छावणी उठवून तेराशे-चौदाशे माणसे आणि सहा पौंडी चार तोफा टेकड्यांवर आणल्या. ते पाहून भोसल्यांची फौज सरकली. ती अठरा हजारांच्या आसपास असावी. तिचा कणा म्हणजे तीन-चार हजार पगारी अरब. राजाचे वकील रेसिडेन्सीत बोलणी करत होते आणि २६ च्या संध्याकाळी अरबांनी गोळीबार सुरू केला. आपला हुकूम नव्हता, असे आप्पासाहेबांनी नंतर कळवले. हे खरे असो वा नसो, भरलेल्या बंदुका समोरासमोर शंभर-दोनशे पावलांवर उभ्या केल्यावर हुकमाची वाट कोण पाहतो?

लढाईचा निकाल लहान टेकडीवर लागला. ती शहराच्या बाजूला, सीताबर्डीच्या वस्तीला लागून होती. घरांच्या आडून अरब थेट उतारापर्यंत येऊ शकत. २७ ला सकाळी त्यांनी ती घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. मधले अंतर बंदुकीच्या माऱ्याचे, त्यामुळे कंपनीची फौज अडचणीत आली. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या मैदानात घालून भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या. पाठोपाठ लहान टेकडीवर दारूगोळ्याची गाडी उडाली, अरबांत गोंधळ झाला आणि टेकडी परत कंपनीकडे गेली. एवढ्या मोठ्या फौजेचा एकसंध हल्ला एकदाही झाला नाही, कारण लढायचे की बोलायचे हे वाड्यातच ठरले नव्हते. दुपारपर्यंत सगळे संपले. कंपनीचे ३६७ लोक मेले वा जखमी झाले.

१२ डिसेंबरला कंपनीची कुमक घेऊन जनरल डव्हटन पोचला, १६ ला आप्पासाहेब स्वाधीन झाले. अरब मात्र शहर सोडेनात. २४ डिसेंबरचा जुम्मा दरवाज्यावरचा इंग्रजी हल्ला त्यांनी परतवला आणि ३० तारखेला अटी ठरवूनच ते बाहेर पडले. राजा शरण गेल्यावरही त्याच्या पगारी शिपायांसाठी शहराने दोन आठवडे वेढा सोसला.

जानेवारी १८१८ च्या करारात नर्मदेकडचा मुलूख गेला आणि सीताबर्डीच्या टेकड्यांवर तटबंदी करण्याची मुभा इंग्रजांना मिळाली. परसोजींच्या खुनाचा पुरावा रेसिडेंटने यानंतर पुढे आणला. खून खरा मानला तरी पुराव्याची वेळ सोयीची होती. या काळाची बरीचशी हकिकत जेंकिन्सच्याच कागदांतून येते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. मार्चमध्ये आप्पासाहेबांना कैद झाली, मे महिन्यात ते निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. गादीवर दुसऱ्या रघूजींचे लहानगे दौहित्र तिसरे रघूजी म्हणून बसले. कारभार १८२६ पर्यंत जेंकिन्सने पाहिला, आणि वाड्याची व्यवस्था व बालराजाचा सांभाळ बाकाबाईंकडे आला.