नजर घडते कुठे?

छायाचित्रांच्या आवडीत देशागणिक फरक पडू लागला तो कलेच्या जन्मापासूनच. १८३९मध्ये फ्रेंच सरकारने दॅगेर या संशोधकाची छायाचित्र काढण्याची पद्धत जगाला खुली केली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर केसन् केस दिसे. इंग्लंडमधल्या टॅल्बॉटची प्रतिमा कागदी निगेटिव्हवरून छापली जाई, म्हणून जरा मऊ. वर तिला पेटंटचे कुंपण. अमेरिकेने पत्रा उचलला आणि लख्ख तपशिलाची चटक लावून घेतली.

त्या चटकेला अमेरिकेच्या पश्चिम भागात हवे तेवढे मैदान मिळाले. १८६१मध्ये छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्सने सुमारे १८ बाय २२ इंचांच्या, निगेटिव्हसाठीच्या काचा खेचरांवर लादून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात नेल्या. १८६४मध्ये लिंकनने त्या खोऱ्याच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली, त्यामागे या छायाचित्रांचाही हात मानतात. माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग हाच राष्ट्राचा वारसा, ही दृष्टी अशी रुजली. (तिथल्या मूळ रहिवाशांवर १८५१मध्येच सशस्त्र तुकडी चालून गेली होती; ते चौकटीत येणार कुठून?) १९३२मध्ये अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि सोबत्यांनी आपल्या गटाला नावच दिले ‘एफ/६४’, म्हणजे भिंगाच्या छिद्राचे एक माप: छिद्र बारीक, जवळचे-दूरचे सगळे रेखीव.

रेखीवपणा जर्मनीतही आहे, पण नाट्य नाही. बेर्न्ड आणि हिल्ला बेखर या छायाचित्रकार दांपत्याने झोतभट्ट्या, पाण्याचे मनोरे टिपताना मुद्दाम ढगाळ दिवस निवडले; सावली नको होती. याचे श्रेय अनेकदा तिथल्या हवामानाला दिले जाते. मला ते अर्धेच पटते. ढग बेल्जियममध्येही असतात. बेर्न्ड १९७६पासून ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत शिकवू लागले आणि गुर्स्की, स्ट्रुथ हे नामवंत छायाचित्रकार त्या वर्गातून बाहेर पडले, हे कारण अधिक वजनदार आहे.

जपानमध्ये ‘प्रोव्होक’ या छायाचित्रांच्या मासिकाने १९६८-६९मध्ये नेमके उलटे केले: खरखरीत, हललेली, धूसर चित्रे. अंक निघाले तीनच. तिथे छायाचित्र भिंतीपेक्षा मासिकात आणि पुस्तकात जास्त भेटे, त्यामुळे शाईचा दाट काळा रंग हीच त्या पिढीची ओळख झाली.

आणि रंग? पाश्चात्त्य कलाजगत कृष्णधवलालाच मान देत होते, तेव्हा भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग रंगीत फिल्मवर काम करत होते. भारतीय नजर रंगापासून वेगळी काढताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः मात्र बराच काळ पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये राहिले.