मूत्रपिंडाची भ्रूणीय घडण

भ्रूणातील शेजारशेजारच्या पेशींनी एकमेकींना दिलेल्या रासायनिक संदेशांमधून मूत्रपिंड आकाराला येते. मानवी भ्रूणात मूत्रपिंडाच्या तीन पिढ्या एकामागून एक उगवतात आणि त्यांतील तिसरीच टिकते. कोल्हापूरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी तीन-चार दिवस उबविलेल्या अंड्यातील भ्रूणाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा त्यांना दिसणाऱ्या नलिका दुसऱ्या पिढीच्या असतात.

तिसऱ्या पिढीची सुरुवात गर्भाच्या पाचव्या आठवड्यात होते. मध्योतक नावाच्या सैल पेशीसमूहातून जीडीएनएफ हे प्रथिन स्रवते, जवळच्या वुल्फीय नलिकेतील (दुसऱ्या पिढीच्या मूत्रपिंडाच्या नळीतील) पेशींवरचा ‘रेट’ हा ग्राही, म्हणजे संदेश टिपणारे प्रथिन, ते ओळखतो आणि नलिकेला कोंब फुटून तो मध्योतकात शिरतो व पुन्हा पुन्हा दुभंगत जातो. जीडीएनएफचे जनुक निकामी केलेल्या उंदरांत मूत्रपिंडे बहुधा तयारच होत नाहीत. उलट, ‘स्प्राउटी-१’ हा या संदेशाला आवर घालणारा घटक नसेल, तर जास्तीचे कोंब फुटतात. म्हणून संदेश रोखणे हे तो देण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

कोंबही गप्प राहत नाही. त्याच्याकडून आलेल्या ‘विंट-९बी’ या संदेशवाहक प्रथिनामुळे टोकाजवळच्या मध्योतक पेशी ‘विंट-४’ हे तसेच प्रथिन बनवू लागतात, एकमेकींना बिलगून पोकळ पुटिका रचतात आणि तिच्यापासून नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणारा मूत्रपिंडाचा सूक्ष्म घटक, घडतो. क्लिफर्ड ग्रोब्स्टाइन यांनी १९५० च्या दशकात उंदराच्या भ्रूणातील मध्योतक कोंबापासून वेगळे केले, तेव्हा त्यात नलिका बनल्या नाहीत. मात्र सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यापलीकडे मज्जारज्जूचा तुकडा ठेवताच त्या बनल्या. परक्या ऊतीनेही हे काम करावे, ही बाब आजही विलक्षण वाटते.

सगळ्याच पेशी एकदम नेफ्रॉनकडे वळल्या, तर पुढच्या फांद्यांसाठी काही उरणार नाही. ‘सिक्स-२’ हे प्रथिन त्यांतील काहींना राखीव ठेवते. ही शिल्लक सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत संपते आणि जन्मानंतर नवे नेफ्रॉन बनत नाहीत. एका मूत्रपिंडातील त्यांची संख्या माणसागणिक सुमारे २ लाखांपासून २० लाखांहून अधिक अशी बदलते.

सोनोग्राफीनंतर ‘बाळाभोवतीचे पाणी कमी आहे’ असे कळले, की गरोदर बाईला पाणी कमी प्यायल्याचा दोष देणे अन्यायाचे ठरू शकते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते आणि दोन्ही मूत्रपिंडे घडली नसतील, तर ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे बाळाची फुप्फुसेही अपुरी वाढतात.