मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला लंडन गाठायला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात. परतताना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे पाठीशी असतात, त्यामुळे तासभर वाचतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही शहरे जोडली, तर रेषा इराकवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिले, तर तो बराच उत्तरेकडे सरकतो: बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, पश्चिम युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी. खरे जवळचे अंतर या दुसऱ्या वाटेचे आहे, पण आज ती वाट पूर्ण उडता येत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपली हवाई हद्द बंद ठेवली आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. मुंबईला याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसते, कारण इथून विमान सरळ अरबी समुद्रावर जाऊन आखाताची वाट धरू शकते. तरीही वळसा पडतोच. म्हणून निव्वळ किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधू नये.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत संपायला हवे. वेळापत्रकातील वेळ मात्र मुंबईत विमान जागेवरून हलल्यापासून लंडनला जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण हे सारे त्यात येते. हीथ्रोवर गर्दी असली की विमानांना उतरण्यापूर्वी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात.

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरून ते १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले, म्हणजे बोट आणि रेल्वे मिळून दोन आठवडे. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे पंख्यांचे विमान ८ जून १९४८ रोजी निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला उतरले. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट विमाने आली आणि त्यानंतर दिवसांऐवजी तासांचीच भाषा उरली.

घड्याळाचा हिशेब वेगळा करावा लागतो. लंडन भारताच्या साडेपाच तास मागे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो. जुलैत मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान दहा तासांनी उतरले, तर तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात; जानेवारीत साडेपाच.